जेटीवरचे एकोणीस खलाशी: एका बंदरातील ओळख पडताळणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीच्या तोंडावरचे एक मध्यम बंदर. बंदराचे नाव देत नाही आणि माणसे ओळखू येतील असे काही तपशील बदलले आहेत. इथल्या मच्छीमार सहकारी संस्थेत ६४ यांत्रिक नौका आहेत: ट्रॉलर, गिलनेटच्या (उभे जाळे लावणाऱ्या) छोट्या बोटी आणि सात मिनी पर्ससीन (मासळीचा थवा मोठ्या जाळ्याने घेरणाऱ्या बोटी). गिलनेटवर चार-पाच माणसांत भागते, ट्रॉलरला तांडेल (बोटीचा प्रमुख) धरून सात-आठ लागतात, पर्ससीनचे जाळे ओढायला मात्र पंचवीस-तीस हात हवेत. भर हंगामात या एका जेटीवरून पाचशेच्या आसपास माणसे समुद्रात जातात. त्यातली गावची शंभरही नाहीत. तांडेल आणि ड्रायव्हर बहुधा घरचा, बाकी सगळे बाहेरचे.

हे असे का, याचे उत्तर आपल्याच जनगणनेत आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गातही तेच झाले: ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. देश वाढत असताना हे दोन जिल्हे आटले. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आहेत, कारण कर्ते पुरुष मुंबईत. ज्या घरात पूर्वी चार भाऊ बोटीवर जात, तिथे आता एक तांडेल आहे आणि तिघांचे पत्ते विरार, कळवा आणि पुण्याचे.

ही जागा नेपाळी खलाशांनी भरली, आणि तेही आजकालचे नाही. बोटीवर, कलमांच्या बागेत राखणीला, चिरेखाणीवर नेपाळी माणूस कोकणात जुना झाला आहे. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे राहायला आणि काम करायला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. त्याच्याकडे नागरिकता प्रमाणपत्र असले की पुरे. गेल्या काही हंगामांत त्यांच्या जोडीला बंगाली बोलणारे खलाशी येऊ लागले आहेत, बहुतेक मुर्शिदाबाद, मालदा आणि दक्षिण चोवीस परगण्याचे. ते भारताचेच नागरिक. पण त्यांची भाषा सीमेपलीकडच्या बांगलादेशी माणसासारखीच, आणि तिकडचा माणूस व्हिसाशिवाय आला तर तो बेकायदा. जेटीवरून पाहणाऱ्याला हे तिघे सारखेच दिसतात. कायद्याच्या दृष्टीने ते तीन वेगळे प्रश्न आहेत.

अडचण

नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ फिरला. तीन मिनी पर्ससीन बोटींवर जाळी भरली जात आहेत आणि खलाशी बंगालीत बोलत आहेत, एवढेच त्यात होते. खाली मजकूर असा: बांगलादेशात माणसे मावत नाहीत, आता ती आपल्या दर्यात उतरवली जात आहेत. चार दिवसांत संस्थेकडे लेखी तक्रार आली. मागणी होती की सर्व परप्रांतीय व परदेशी खलाशी आठ दिवसांत काढावेत.

तक्रार कुणाची होती हेही सांगायला हवे. सह्या करणारे बहुतेक गिलनेटवाले होते. त्यांचे आणि पर्ससीनवाल्यांचे भांडण मासळीवरून किती वर्षे चालू आहे हे किनाऱ्यावर कुणाला सांगायला नको. तिन्ही बोटी एका वाडीच्या, तक्रार दुसऱ्या वाडीची. म्हणून ती खोटी ठरत नाही. पण तिच्यात सुरक्षेची काळजी किती आणि जुना हिशेब किती, हे वेगळे करणे हेच संस्थेच्या सचिवांपुढचे पहिले काम होते.

त्यांनी आधी स्वतःची वही काढली, आणि खरी अडचण तिथे दिसली. तीन बोटींवर बंगाली बोलणारी १९ माणसे होती. वहीत नावे १२. आधारच्या झेरॉक्स १४, त्यातल्या दोन एकाच कार्डाच्या. एका मालकाला विचारले तर तो म्हणाला, "भाऊ, आधार आहे ना सगळ्यांकडं? मग झालं तर."

वही अशी का बिघडते? हंगामाच्या तोंडावर मालक मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडे खलाशी मागतो आणि माणशी दहा ते वीस हजारांची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच देऊन बसतो. मुकादम कागद पाठवतो ते फोनवर, फोटो काढून. मालक त्याची झेरॉक्स काढून संस्थेत देतो. पण प्रत्यक्ष गाडीतून उतरतो तो कधी कधी दुसराच. पहिल्याने शेवटच्या क्षणी नाही म्हटलेले असते, आणि उचल बुडू नये म्हणून मुकादमाने भाऊ नाहीतर गाववाला पाठवलेला असतो. मग पंधरा दिवसांनी एखादा खलाशी भांडून शेजारच्या बोटीवर जातो. कागद जुन्या बोटीच्या फाईलमध्ये, माणूस नव्या बोटीवर. कुणी आजारी पडले तर तांडेल पहाटे तीनला जेटीवर जो मिळेल तो बदली घेतो. जाण्या-येण्याची नोंद ठेवणारा रक्षक तेव्हा जागा असलाच, तरी तो माणसे मोजतो. चेहरे जुळवत नाही.

एका मालकाने तर चार सिमकार्डे स्वतःच्या नावावर काढून खलाशांना दिली होती. त्याच्या मते ही सोय होती.

व्हिडिओतला दावा कितपत खरा

सभेत पहिला तास गेला तो बांगलादेशाच्या लोकसंख्येवर. तो विषय टाळण्यासारखा नव्हता, कारण पुढचे निर्णय त्याच समजुतीवर घेतले जाणार होते.

बांगलादेश दाटीचा देश आहे यात वाद नाही. १९७४ च्या गणनेत सात कोटींच्या वर असलेली लोकसंख्या २०२२ च्या गणनेत साडेसोळा कोटींवर गेली. एका चौरस किलोमीटरमागे तिथे अकराशेहून जास्त माणसे राहतात. महाराष्ट्रात २०११ मध्ये ३६५ होती, रत्नागिरी जिल्ह्यात दोनशेच्याही आत. पण वाढीचा वेग कधीच मोडला आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एका बाईमागे सहाच्या वर मुले होत, आता हा आकडा दोन-सव्वादोनच्या आसपास आहे. वाढ मंदावूनही माणसे बाहेर पडतात. त्याची कारणे जमिनीचे तुकडे, खारे पाणी आणि पूर, इकडची मजुरी, आणि आधी गेलेल्या नातेवाइकांनी पाडलेली वाट. सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे, तिच्यात नदीपात्रे आहेत आणि ती सगळी कुंपणाने बंद झालेली नाही.

नेपाळचे चित्र उलटे आहे. तिथली २०२१ ची गणना २ कोटी ९२ लाखांची, वाढ वर्षाला १ टक्क्याच्याही आत, आणि २२ लाखांच्या आसपास माणसे देशाबाहेर. म्हणजे ज्या शेजाऱ्याची वाढ मंद, त्याचेच खलाशी आपल्या जेटीवर सर्वांत जास्त. पाकिस्तान २०१७ मध्ये २०.७७ कोटींचा होता, २०२३ मध्ये २४.१५ कोटींचा झाला. वाढ इतकी वेगवान, आणि तिथला एकही मजूर कोकणात कामाला येत नाही.

समुद्रावरून धोका आला तो वेगळ्या प्रकारे आला. १९९३ च्या सुरुवातीला रायगडात शेखाडी आणि दिघीला शस्त्रे आणि आरडीएक्स उतरले. ते उतरवून घेणाऱ्यांत आणि डोळेझाक करणाऱ्यांत आपलीच माणसे होती. २००८ मध्ये दहशतवादी मुंबईला आले ते 'कुबेर' या पोरबंदरच्या भारतीय बोटीवरून, तिच्यावरच्या खलाशांना मारून. २०२२ च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरजवळ तीन एके-४७ असलेली नौका लागली, ती ओमानजवळ सोडून दिलेली आणि वाहत आलेली निघाली. तिन्ही वेळा प्रश्न एकच होता: ही बोट कुणाची, तिच्यावर कोण आहे आणि हे किनाऱ्यावर कुणाला माहीत आहे?

शेजाऱ्याची लोकसंख्या हा दाब आहे, आणि तो खरा आहे. पण दाब जिथे फट असते तिथूनच आत येतो, आणि या बंदरातली फट वहीत होती. सचिवांनी सभेत हे इतक्या शब्दांत सांगितले नाही. त्यांनी फक्त एकाच कार्डाच्या त्या दोन झेरॉक्स टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

समोरचे पर्याय

पहिला, काही न करणे. पोलीस आले तर बघू. दोन मालकांचा कल याच्याकडे होता, कारण बर्फ भरून झाले होते, डिझेल टाकीत होते आणि बांगडा किनाऱ्याजवळ आला होता.

दुसरा, तक्रारीप्रमाणे सगळ्या बाहेरच्यांना काढणे. याचा हिशेब कुणी केला नव्हता. केला तेव्हा दिसले की ६४ पैकी जेमतेम १५ बोटी निघू शकतील, आणि त्यात तक्रारदारांच्याही बोटी बांधूनच राहतील. त्यांच्याकडेही नेपाळी होतेच.

तिसरा, फक्त बंगाली बोलणाऱ्यांना काढणे. हा सर्वांत सोपा वाटला आणि सर्वांत वाईट होता. माणूस भारतीय असेल तर त्याची रोजी विनाकारण गेली. नसेल तर तो पोलिसांच्या नजरेआड पुढच्या बंदरात गेला, आणि त्याच्याबद्दलची माहिती इथेच संपली.

चौथा, संस्थेने स्वतः प्राथमिक पडताळणी करायची, संशयितांची यादी सागरी पोलिसांकडे द्यायची आणि तोवर त्यांना समुद्रात पाठवायचे नाही. नागरिकत्व ठरवणे हे संस्थेचे काम नाही, हे इथे आधीच लिहून घेतले गेले. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या काही बंगाली मजुरांना सीमेपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावे लागले, ही गोष्ट ताजी होती. यंत्रणेची अशी चूक होते, तर गावच्या समितीची किती होईल?

काय केले

चौथा पर्याय ठरला, पण एका दिवसाचा उशीर झाला. सभा संध्याकाळी संपली. बोटी बांधून ठेवण्याचे सकाळी कळवू, असे ठरले. या उशिराची किंमत पुढे येते.

दुसऱ्या दिवशी तिन्ही बोटी जेटीला लावल्या आणि एकेका खलाशाला मूळ कार्ड घेऊन बोलावले. झेरॉक्स आणि फोनमधला फोटो बाद. यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अ‍ॅपने कार्डावरचा क्यूआर कोड वाचला की नाव, जन्मतारीख, पत्ता यांच्याबरोबर फोटो उघडतो. तो कार्डावर छापलेल्या फोटोशी जुळवायचा नाही, समोरच्या माणसाशी जुळवायचा. ही चूक पहिल्या चार जणांच्या वेळी झाली आणि ते चार पुन्हा तपासावे लागले. बनावट कार्डावर फोटो बदलता येतो. क्यूआरमधला बदलता येत नाही, कारण त्यावर डिजिटल सही असते. काही जुन्या कार्डांवरच्या क्यूआरमध्ये फक्त मजकूर असतो, फोटो नसतो. अशी पाच कार्डे निघाली. त्यांना जेटीवरच ई-आधार काढायला लावले, आणि त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल स्वतःजवळ असावा लागतो. ज्याचा ओटीपी गावाकडे भलत्याच माणसाच्या फोनवर जातो, त्याला दोन प्रश्न जास्त विचारायचे.

इतके करूनही आधार जुळले म्हणजे माणूस भारतीय ठरत नाही. आधार कायद्याच्या कलम ९ मध्ये हे स्पष्ट आहे आणि मुंबई उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये तेच सांगितले. आधार माणसाची ओळख सांगते, नागरिकत्व नाही. कार्ड खरे आणि ज्या कागदावर ते काढले तो खोटा, असे होते. म्हणून दुसरा टप्पा: शाळेचा दाखला, वडिलांचे नाव असलेली जुनी मतदार यादी किंवा जमिनीचा कागद, आणि घरच्या पंचायत सदस्याचा फोन. फोन खलाशाने लावून द्यायचा नाही. पंचायतीच्या कार्यालयाचा क्रमांक आपण शोधून लावायचा. नाहीतर पलीकडे बोलणारा मुकादमच असतो.

नेपाळी खलाशांचे नागरिकता प्रमाणपत्र वेगळ्या वहीत घेतले. त्यात प्रमाणपत्राचा क्रमांक, जिल्हा आणि देणाऱ्या कार्यालयाचे नाव असते. याचे कारण सुरक्षा हे तर होतेच, पण दुसरेही होते. तपास एकाच भाषेच्या माणसांचा केला असता तर तो तपास राहिला नसता.

संध्याकाळी यादी सागरी पोलीस ठाण्यात आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्यांकडे गेली. गावात कुणी काही विचारले तर सांगायचे वाक्य एकच ठरले: नावे पोलिसांकडे आहेत, आमच्याकडे नाहीत. ते बऱ्यापैकी पाळले गेले.

काय निघाले

१९ पैकी १५ जणांचे कागद दोन्ही टप्प्यांत जुळले. ते चौथ्या दिवशी समुद्रावर गेले. उरलेल्या चौघांची गोष्ट चार प्रकारची.

पहिल्याचा क्यूआर उघडला तो दुसऱ्याच चेहऱ्याचा. सभेत ज्याला पुरावा म्हणून दाखवले ते दोन झेरॉक्सवाले कार्ड हेच. मुलगा मुर्शिदाबादचाच निघाला, शाळेचा दाखलाही मिळाला. वय सतरा. अठरा पूर्ण नसल्याने मुकादमाने चुलतभावाचे कार्ड चालवले होते. घुसखोरीचा संशय इथे मिटला, पण मालकाची अडचण वाढली. मच्छीमारांचा गट अपघात विमा अठरा वर्षांपासून पुढे आहे आणि मृत्यूला पाच लाख देतो. या मुलाचे समुद्रात बरेवाईट झाले असते तर कागदावर चुलतभाऊ मेला असता, आणि तो तर घरी जिवंत.

दुसऱ्याचे आधार खरे होते, पण मागचे सगळे कागद अलीकडचे. त्याच्या जिल्ह्यातून खातरजमा यायला तेवीस दिवस लागले. तो भारतीयच होता. तेवीस दिवस तो जेटीवर जाळी शिवत बसला, आणि निम्म्या पगारावर त्याला ठेवायला मालक सहज तयार झाला नव्हता.

तिसऱ्याने दिलेल्या पत्त्यावर त्या नावाचे कुणीच नव्हते. पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा नोंदवला. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीय नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याच्या जागी नवा इमिग्रेशन व परकीय नागरिक कायदा आला आहे, पण आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या व्यक्तीवरच आहे, हे जुन्यासारखेच. प्रकरण न्यायालयात आहे, त्याबद्दल इथे जास्त लिहिणे बरोबर नाही.

चौथा सापडलाच नाही. सभा झाली त्या रात्री तो गेला. कोकण रेल्वेच्या कुठल्या गाडीने, कोणत्या दिशेने, काही कळले नाही. तो भारतीय होता आणि गोंधळाला घाबरून गेला, की खरेच लपवण्यासारखे काही होते, हे आता कळायचे नाही. तीन आठवडे तो या बोटीवर होता. जेटीवर रक्षक केव्हा बदलतो, कोणत्या बोटीला ट्रान्सपॉन्डर (बोट कुठे आहे ते कळवणारे यंत्र) नाही, गस्तीची नौका कुठे उभी असते हे त्याला कामापुरते सगळे माहीत झालेले. आणि मालकाच्या नावावरच्या चार सिमपैकी एक त्याच्याकडे. मालकाला ते सिम बंद करायचे सुचले सहाव्या दिवशी, तेही पोलिसांनी विचारल्यावर.

काय वेगळे करता आले असते

बोटी त्याच संध्याकाळी, सभा उठण्याआधी बांधायला हव्या होत्या. सभेत नाव घेतलेला माणूस रात्रभर मोकळा राहतो हे कुणाच्या लक्षात आले नाही असे नाही. मालकाला दुखवायला कुणी तयार नव्हते. त्याहून चांगले म्हणजे सभेआधी पोलिसांशी बोलणे. सचिवांनी तक्रार चार दिवस टेबलावर ठेवली, कारण पोलीस आले की बंदराचे नाव जाईल ही भीती. १०९३ हा सागरी पोलिसांचा क्रमांक जेटीच्या भिंतीवर रंगवलेला आहे. 'सागर कवच' या किनारी सुरक्षेच्या सरावाच्या वेळी त्यावर फोन होतो, एरवी हात थांबतो.

व्हिडिओ काढणाऱ्याचेही चुकले. त्याला शंका आली असेल तर ती ठाण्यात सांगायची होती. ग्रुपवर टाकल्यामुळे ती पहिल्यांदा ज्याच्याबद्दल होती त्याच्यापर्यंत पोचली.

पडताळणीची वेळही उलटी होती. कागद बघायचे ते उचल देण्याआधी. एकदा वीस हजार हातातून गेले की मालक खलाशाच्या कागदांकडे डोळसपणे बघतच नाही, कारण माणूस परत पाठवला तर पैसे बुडतात. त्यामुळे या संस्थेने पुढच्या हंगामासाठी नियम केला: मूळ कार्ड स्कॅन होईपर्यंत उचलीतली निम्मी रक्कम संस्थेकडे राहील. मुकादमांनी कुरकुर केली. दोघांनी या बंदराला माणसे द्यायचे बंद केले, आणि ते कोण दोघे हे कळणेही उपयोगाचेच होते.

सिमकार्डांबाबत मालकांना 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती जोडण्या आहेत ते बघायला लावले. एका मालकाच्या नावावर नऊ निघाल्या, कायद्याने जास्तीत जास्त तेवढ्याच घेता येतात. त्यातल्या तीन कुणाकडे आहेत हे त्याला आठवेना.

एक फट अजून तशीच आहे. दसैंला (नेपाळच्या दसऱ्याला) नेपाळी खलाशी महिनाभर गावी जातात, आणि ऐन मासळीत त्यांच्या जागी आठ-दहा दिवसांसाठी बदली माणसे येतात. त्यांना उचल नसते, म्हणून संस्थेच्या नव्या नियमात ती बसत नाहीत. वहीत त्यांच्यासाठी एक कोरे पान आहे. ते भरायचे तांडेलाने की रक्षकाने, यावर तीन बैठका झाल्या आहेत.